पालीच्या मावशीचा आवाज

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखकाचा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नाही. सोसायटीच्या नाटकात भुताचं काम असलं की पांढरी चादर पांघरून मीच उभा राहतो... त्या धंद्यातलं आतलं मला सगळं ठाऊक आहे. तरीही हे लिहितोय.

माझा पुतण्या हर्षद मीरा रोडला, नया नगरच्या अलीकडे राहतो आणि घरात बसून एकट्याने व्हिडिओ गेम बनवतो. गेम कोळ्यांचा — होडी, वादळ, आणि किनाऱ्यावर बसून वाट सांगणारी एक म्हातारी. तिच्या आवाजासाठी मीच त्याला फिलोमिना मावशी गाठून दिली. मावशी पाली कोळीवाड्यातली, आमच्या बिल्डिंगला वर्षानुवर्षं मासळी देते. रिक्षांचे हॉर्न रेकॉर्ड होऊ नयेत म्हणून डोक्यावरून गोधडी घेऊन तिने सगळे संवाद बोलून दिले. मग गावभर सांगितलं, मी गेममध्ये हाय.

पुढे हर्षदने गेमला एआय जोडलं. म्हातारीला काहीही लिहून विचारा, ती स्वतःच उत्तर बनवून पडद्यावर लिहायची. मावशीचे संवाद त्याने काढून टाकले. एकटा माणूस किती संवाद लिहिणार काका, असं त्याचं म्हणणं. ते खोटं नव्हतं. पण मावशीला सांगायचं राहिलं होतं... आणि ती रविवारी दुपारी जरीची साडी नेसून, सुके बोंबील घेऊन गेम बघायला हजर!

हर्षदचा चेहरा उतरला. पण नशीब बघा — खाली रस्ता खणताना केबल तुटली आणि नेट गेलं. म्हातारीची उत्तरं नेटवरून येतात. नेट नाही तर ती मुकी. त्याने तेच कारण सांगून मावशीला नुसता समुद्र आणि किनाऱ्यावर बसलेली मुकी म्हातारी दाखवली. मी बाजूला बसून त्याची तारांबळ चवीने बघत होतो.

मावशी पडद्याजवळ सरकली. म्हातारीला निरखून बघत हळूच म्हणाली, "ही मीच हाय ना?"

माइक नव्हता. कीबोर्डला कुणाचा हात नव्हता. आणि म्हातारीच्या डोक्यावर एकेक अक्षर उमटायला लागलं —

"न्हाय गो. तुजा आवाज हितं न्हाय."

मावशीने बोट लावून वाचलं. माझी मजा तिथेच संपली.

हर्षदने नंतर सगळ्या नोंदी तपासल्या. त्या वेळी प्रश्न गेल्याची खूण नाही, उत्तर आल्याचीही नाही. त्याचे मित्र म्हणतात, आधीचं काहीतरी साठून राहिलं असेल. असेल... पण तसला प्रश्न त्या म्हातारीला आधी कुणी विचारलाच नव्हता. आता हर्षदने मावशीचे संवाद परत घातलेत, गेममध्ये तीच बोलते. बाकी उलगडा मला आजतागायत झालेला नाही.

एवढं मात्र त्या दुपारी पाहिलं, की मावशीने मान वळवताच माझा इंजिनिअर पुतण्या त्या पडद्यासमोर हात आडवा धरून उभा राहिला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "मावशी, आवाज मी काढून टाकला, हिचा काही दोष नाही!"