मशीन खरंच बंद होतं

आमच्या परळच्या घरात एक प्रिंटर आहे, त्याला शाई लागत नाही. जाड कागदावर तो ठोके मारतो आणि ब्रेलचे ठिपके उठवतो. ठोके असे की खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा विचारून गेल्या, खोलीत फरशी बसवताय का? शेवटी मशीनखाली गोधडीची चौघडी घातली, तेव्हा बोलणी थांबली.

हे मशीन यांचं. हे जन्मापासून आंधळे. कुणी 'दृष्टिबाधित' वगैरे म्हटलं की म्हणतात, "आंधळा म्हणा, वेळ वाचतो." बँकेत टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी केली. निवृत्त झाले त्या वर्षी कुठल्याशा संस्थेने मोडीत काढलेलं हे मशीन टॅक्सीत घालून घेऊन आले. आता फोनच सगळं वाचून दाखवतो, मग हे धूड कशाला, असं मी म्हटलं होतं. त्यावर म्हणाले, "ते ऐकणं झालं. मला वाचायचंय."

वाचायचंही एका कामासाठी होतं. आषाढ पौर्णिमेपासून आमच्या बुद्धविहारात तीन महिने वर्षावासाचं ग्रंथवाचन चालतं. रोज संध्याकाळी वंदना, पंचशील आणि मग वाचन. ते वाचन गेली कितीतरी वर्षं यांच्याकडे आहे. डोळस माणूस वाचतो तेव्हा मान खाली असते, शब्द कागदावरच पडतात. हे मान वर ठेवून वाचतात. हात खाली पानावर फिरत असतो आणि आवाज थेट समोरच्या माणसाकडे जातो. मी नवऱ्याचं कौतुक करणारी बाई नाही, पण तेवढा एक तास मला हा माणूस आपला आहे याचा फार अभिमान वाटतो.

या वर्षी फेब्रुवारीत जुना कॉम्प्युटर गेला. जून महिन्यात मी म्हटलं, आषाढ पौर्णिमा आली, वाचायचं काय करणार? तर हे शांतपणे म्हणाले, "गेल्या वर्षीच्या पानांचे ठिपके बसलेत. ओलीने नरम पडलेत. नवीन छापायला कॉम्प्युटर नाही. या वर्षी दुसरं कुणीतरी वाचेल."

तो शांतपणाच मला झोंबला. मी महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात टायपिस्ट होते. टाइपरायटर गेला, कॉम्प्युटर आला, सॉफ्टवेअर चार वेळा बदललं, प्रत्येक वेळी तरण्या मुलींच्या आधी मी शिकले. एका कॉम्प्युटरपायी यांचं वाचन बंद पडणार? मी पदर खोचला.

भाचीने तिचा वापरलेला लॅपटॉप दिला. वहीएवढा पातळ, कडेला नखाएवढ्या दोन फटी. आणि प्रिंटरच्या पाठीला हे रुंद छत्तीस पिनांचं तोंड, दोन्ही बाजूंना तारेच्या कड्या. लॅपटॉप घेऊन मी लॅमिंग्टन रोडला गेले. पहिला दुकानदार माझ्या मोबाइलमधला फोटो बघून हसला. "आँटी, ये म्यूझियम में दे दो."

"म्यूझियममध्ये मीपण जाणारच आहे," मी म्हटलं, "आधी वायर दे."

दिली. घरी येऊन बघते तर तिच्या टोकाला पंचवीस भोकं, आणि मला हव्या होत्या छत्तीस पिना. परत गेले. दुसऱ्या दुकानात म्हणाला, मेल-फीमेलचा कनेक्टर लावा. तो लावला तर अर्धा इंच लोंबकळत राहिला, मशीनने हूं की चूं केलं नाही. हे खुर्चीत बसून माझी धडपड ऐकत होते. "कशाला एवढी उस्तवार करतेस?" दोनदा तरी म्हणाले. मला वाटलं, माझ्या गुडघ्यांची काळजी वाटते.

शेवटी गिरगावात जुने प्रिंटर दुरुस्त करणारा एक माणूस मिळाला. पन्नाशीचा, मालवणकडचा. गाळ्यात छतापर्यंत मेलेल्या प्रिंटरांच्या राशी. फोटो बघून चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाला, "ह्या खंय गावला तुमका?" राशीमागे हात घालून त्याने बरोबर वायर काढली, एका बाजूला छत्तीस पिना, दुसऱ्या बाजूला यूएसबी. लॅपटॉपच्या फटीसाठी एक बोटभर जोडही दिला.

"पण ताई, वायर लागली म्हणजे काम झालं नाही हां," तो म्हणाला. "जुन्या मशीनला फक्त साधी अक्षरं कळतात. लॅपटॉप शाना असतो, तो भलताच प्रिंटर समजून भलतंच पाठवतो. त्याला सांगायला लागतं, बाबा, डोकं लावू नको, अक्षरं आहेत तशी पाठव." कुठे काय निवडायचं ते त्याने दोनदा समजावलं. मी मान डोलावली. निम्मं कळलं होतं.

तीन आठवडे आणि पाच फेऱ्या झाल्या होत्या. पौर्णिमेला आठ दिवस होते. दुपारी जेवणं झाल्यावर मी जोड लावला, वायर लावली, कड्या बसवल्या. अध्यायांचे ठिपके जुन्या कॉम्प्युटरपासूनच पेनड्राइव्हवर तयार होते. छापायचं बटण दाबलं. क्षणभर काहीच नाही. मग एकदम धडाधडा ठोके.

मी ओरडलेच. साठी उलटलेली बाई मी, लहान पोरीसारखी टाळ्या पिटत होते. पहिलं पान फाडून यांच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "वाचा!"

यांनी पानावरून एकदा तळवा फिरवला. मग बोटं वरच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन वाचायला सुरुवात केली. पहिला अध्याय, दरवर्षी पहिल्या दिवशी वाचतात तोच. तोच आवाज, त्याच जागी थांबणं. बोटं एकेक ओळ सरकत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्यात मशीनने दुसरं पान पुढे ढकललं आणि मी ते हातात घेतलं.

मला ब्रेल येतं, पण डोळ्यांनी. लग्न ठरल्यावर यांनी पाठवलेली पत्रं वाचायला घरात कुणी नव्हतं, म्हणून शिकले. बोटांना कधी जमलं नाही, डोळ्यांना जमलं. दुसऱ्या पानावर एकही शब्द नव्हता. आकडे, मग एकच अक्षर पंधरा-वीस वेळा, पुन्हा आकडे. लॅपटॉपने शहाणपणा केला होता. मी वाकून यांच्या हाताखालचं पहिलं पान बघितलं. तेही तसंच, वरपासून खालपर्यंत कचरा.

आणि हे वाचत होते. त्या कचऱ्यावरून बोटं फिरवत अध्याय स्वच्छ, खणखणीत वाचत होते.

मला काय झालं ते खरं सांगते. राग आला. पान संपवून हे म्हणाले, "छान आलंय. ठिपके जरा बारीक आहेत."

"अहो," मी म्हटलं, "कचरा आलाय."

"म्हणजे?"

"पानावर एक शब्द नाही मराठीचा. माझंच काहीतरी निवडायचं चुकलं."

त्यांचा हात पानावर तसाच राहिला. विचारलं, "दुसरंपण?"

"दुसरंपण."

मग यांनी सांगितलं. डिसेंबरात दादरला शिवाजी पार्कावर पुस्तकांच्या स्टॉलवर कुणीतरी यांच्या हातात ब्रेलची पुस्तिका दिली होती. "मी त्याला विचारणार होतो, बाबा, कोरी वही का देतोस? तेवढ्यात तो म्हणाला, घरी जाऊन सावकाश वाचा. तेव्हा कळलं, वही कोरी नव्हती."

यांना साखर आहे, वीस वर्षं. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, पायांच्या नसा जातात, रोज पाय बघा. मी रोज पाय बघत होते. बोटांचं मनातही आलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, तसं मी तीन आठवडे वायरीला औषध देत हिंडले.

"मग पाठ तर आहे तुम्हाला," मी म्हटलं. "विहारात तसंच म्हणायचं. कोणाला कळणार होतं?"

"रोज सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायचं, खोटं बोलणार नाही म्हणून. आणि लगेच बसून या मेल्या बोटांनी वाचल्यासारखं करायचं? नाही जमणार मला."

"आणि मशीन बंद आहे म्हणून वाचता येत नाही म्हणालात, ते खोटं नव्हतं?"

"मशीन खरंच बंद होतं," हे म्हणाले.

मला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं. म्हटलं, "मग आत्ता काय केलंत?"

"तू एवढी ओरडलीस आनंदाने. मला नाही म्हणवेना."

मशीन बंद होतं तोवर यांना कुणी काही विचारणार नव्हतं. तेवढा एक आडोसा होता यांना, आणि तो काढायला मी गिरगावपर्यंत पायपीट केली होती. त्याचं मला आजही वाईट वाटतं. सांगायला हवं होतं यांनी, याचा रागही अजून पुरता गेलेला नाही.

संध्याकाळी गिरगावच्या माणसाला फोन करून पुन्हा सगळं निवडलं. या वेळी पानं बरोबर आली. यांनी हात फिरवला. "काहीतरी आहे एवढं कळतं. काय आहे ते नाही," म्हणाले. ते चहा प्यायला उठल्यावर मी डोळे मिटून त्याच पानावर बोट ठेवलं. माझ्या अडाणी बोटालाही ठिपका आणि ठिपका वेगळा लागत होता. हे मी त्यांना सांगितलं नाही.

पौर्णिमेला विहारात वंदना झाली, पंचशील झालं. हे रिकाम्या हातांनी उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या बोटांना आता वाचता येत नाही. पाठ आहे तेवढं म्हणतो. चुकलो तर ही सांगेल." मग पुढे बसलेल्या एक आजी म्हणाल्या, "म्हणा की! आमाला कुटं पाठ हाय?"

मी शेजारी बसले, मांडीवर पानं घेऊन. छापील पुस्तकही पिशवीत होतं, पण एवढी उठाठेव केली होती, म्हणून ठिपक्यांचीच पानं घेतली. पहिलं पान निर्वेध गेलं. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांनी एक ओळ सोडली. इतकी अलगद सोडली की अर्थही तुटला नाही. कुणालाही कळलं नाही. मला वाटलं, जाऊ दे, एक ओळ तर आहे. मग वाटलं, आज एक जाऊ दिली तर उद्या दोन जातील, आणि मला धडकीच भरली.

"अहो, एक ओळ राहिली," मी म्हटलं. चारचौघांत यांना टोकायची ती माझी पहिलीच वेळ.

हे थांबले. मी ओळ वाचली. त्यांनी ती म्हटली. "पुन्हा सांग," म्हणाले. मी पुन्हा वाचली, त्यांनी पुन्हा म्हटली. मग त्यांनी हात माझ्या मांडीकडे आणला आणि हळू आवाजात विचारलं, "कुठे आहे?"

मी त्यांचं बोट धरून त्या ओळीच्या सुरुवातीला ठेवलं. त्यांना काही लागलं नसणार. तरी ओळ संपेपर्यंत त्यांनी बोट सरकवत नेलं, तिसऱ्यांदा ती सबंध म्हटली, आणि मग पुढे म्हणायला लागले.