लेओकादिओची घोरणारी सुरी

स्पेनमधल्या बार्बाते गावात ट्युना मासा कापताना सुरी पाठीच्या काट्यावरून सरकली, की कुणी घोरतंय असा आवाज येतो. तो ऐकतच कापायचं. आवाज थांबला म्हणजे सुरी मांसात घुसली, माल वाया. लेओकादिओने चाळीस वर्षं असंच कापलं आणि गेल्या हिवाळ्यात त्याचे दोन्ही कान गेले. बायको एन्कार्नालाच काय ते ठाऊक. तो तिचं आधीही ऐकत नसे, म्हणून तिलाही जरा उशिराच कळलं. बाकी कुणी बोललं की तो मान हलवून म्हणे, "हो हो, तू म्हणशील तसं."

पूर्वी कापणारे आठ होते. आता कोटा, मासे मोजून धरायचे; त्यातले निम्मे जपान्यांच्या जहाजावर अख्खेच गोठून जातात. तेव्हा यंदा मुकादम क्रिस्पिन दोघांनाच ठेवणार होता, तेही मासा कापून दाखवला तर.

"घरी बस ना आता," एन्कार्नाने हातवारे केले.

"बसून काय करू? तुझे हातवारे बघू?"

शेवटी तिनेच युक्ती काढली. ती दाराशी खुर्ची टाकून बसणार. सुरी घोरतेय तोवर पंख्याने वारा घ्यायचा. थांबली की पंखा मिटायचा.

दोनशे किलोचं धूड फळीवर आलं. लेओकादिओने सुरी घातली, पंखा हलत होता. अर्ध्यावर त्याने पाहिलं, तर पंखा मांडीवर अन् एन्कार्नाची मान छातीवर! दुपारचे चणे अंगावर आलेले. सगळे पोट धरून हसत होते. आपलंच हसं झालं, असं त्याला वाटलं. थांबावं तर क्रिस्पिन समोर. त्याने डोळे मिटले. काट्यावर घासणाऱ्या सुरीची मूठ तळहातात थरथरत होती, नेहमीसारखीच. त्या थरथरीच्या मागे मागे तो शेपटीपर्यंत गेला.

क्रिस्पिनने काटा उचलून पाहिला. नखभर मांस नव्हतं.

"अरे, तुझी बायको एवढी घोरत होती, आम्हाला सुरी ऐकूच येईना! तुला कशी आली?"

"हो हो, तू म्हणशील तसं."

क्रिस्पिनने त्याच्या कानांकडे पाहिलं. मग तोंड मिटून त्याने बोटाने पुढचा मासा दाखवला.

"अगं बाई!" एन्कार्ना दचकून उठली. "थांबली का सुरी?" आणि घाईघाईने वारा घेऊ लागली.