पहिलं पाणी ड्रेनला

कोल्हारच्या सहादेव निबे ऊर्फ नाना यांना साखर कारखान्यातून निवृत्त होऊन पाच महिने झाले आणि घरच्यांना त्याचा त्रास व्हायला लागला. नाना चौतीस वर्षं बॉयलरवर होते. फर्स्ट क्लास बॉयलर अटेंडंट, तेही रीतसर परीक्षा देऊन. कुणी नुसतं ‘बॉयलरवर कामाला होते’ म्हटलं, तर नाना त्याला थांबवून ‘फर्स्ट क्लास’ हे शब्द मध्ये घालायला लावत. गळिताच्या हंगामात तीन मजली बॉयलर त्यांच्या शब्दावर चालायचा. आता घरातला पंखासुद्धा त्यांच्या शब्दावर फिरत नव्हता.

त्यांनी प्रयत्न केला नाही असं नाही. दोन एकर ऊस होता, पण तो पुतण्या बघायचा, आणि नाना बांधावर जाऊन उभे राहिले की पुतण्याचं पाणी भलत्याच सरीत जायचं. मग त्यांनी घरात लक्ष घालायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी कुकरची शिट्टी बरोबर उचलते का, हे तपासायला त्यांनी ती चिमट्यानं वर ओढली. वरण छतापर्यंत गेलं. रतनबाईंनी खुर्चीवर चढून छत पुसलं, खाली उतरल्या आणि हात जोडून नवऱ्याला सांगितलं, की यापुढे गॅस पेटलेला असताना स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही.

दोन वेळचं गरम जेवण होतं, गावात मान होता, मुलगा ओम लोणीला नोकरीला होता, सून गुणाची होती. नव्हतं ते एकच. सकाळी उठल्यावर आपल्यावाचून अडेल असं घरात काहीही नव्हतं. नानांना हे फार लागायचं. बोलून दाखवायचे नाहीत, पण पहाटे पाचला आंघोळ करून, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून ते ओसरीवर बसायचे आणि दहापर्यंत रस्त्याकडे बघत राहायचे. ज्याला कुठे जायचंच नाही त्यानं इतक्या लवकर तयार व्हावं, याची घरच्यांना चीडही यायची आणि वाईटही वाटायचं.

अशात ऑगस्टमध्ये कॉफीचा विषय निघाला.

सून स्नेहल मूळची काष्टीची, पण शिकली पुण्यात आणि नोकरीही पुण्याच्याच कंपनीत. काम घरून. वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसायची, बरोबर दहाला तिची मिटिंग सुरू व्हायची आणि त्याआधी तिला कॉफी लागायची. रतनबाईंची कॉफी म्हणजे आजारी माणसासाठी किंवा चहा सोडलेल्या पाहुण्यासाठी करायची वस्तू. म्हशीचं दूध आटवायचं, पुडीतली पावडर टाकायची आणि वर जायफळ किसायचं. त्यात कॉफी नावाला आणि बासुंदी जास्त. ती पिऊन स्नेहलला मिटिंगमध्ये पेंग यायची. शेवटी एका संध्याकाळी ती ओमला मोबाईलवर कॉफीची यंत्रं दाखवत बसली आणि बोलता बोलता म्हणाली, की यात पंधरा बारचं प्रेशर तयार होतं.

प्रेशर हा शब्द कानावर पडला आणि नाना खाटेवरून उठले. प्रेशरची वस्तू न बघता, हात न लावता, मोबाईलवरून मागवायची? घरात फर्स्ट क्लास माणूस असताना? त्यांनी त्याच रात्री जाहीर केलं, की यंत्र ते स्वतः निवडणार, आणि दुसऱ्या दिवशी सुनेला घेऊन एसटीनं श्रीरामपूर गाठलं.

दुकानातल्या पोरानं मोठ्या उत्साहानं पंधरा बारवालं यंत्र पुढे केलं. नानांनी ते चारी बाजूंनी पाहिलं, बोटाच्या पेरानं ठोकलं, आणि त्याला विचारलं, की याचं टेस्ट सर्टिफिकेट कुठाय. पोरानं वॉरंटी कार्ड दिलं. नाना म्हणाले, “आमचा बॉयलर बत्तीस किलो प्रेशरवर चालायचा, आन त्याला तीन मजले लोखंड लागायचं. त्याच्या निम्मं प्रेशर तू ह्या प्लास्टिकच्या डब्यात भरतोस, आन त्यो डबा माझ्या सुनंच्या पुढ्यात ठिवतोस व्हय?” आत फक्त छोटा पंप असतो, असं तो परोपरीनं सांगत होता. मग त्यानं दुसरं यंत्र काढलं. वरून गरम पाणी ठिबकतं आणि खाली काचेच्या भांड्यात कॉफी गोळा होते. यात प्रेशर किती, असं नानांनी विचारलं. यात प्रेशर नसतंच, हे ऐकल्यावर नानांचा त्यातला रस संपला. प्रेशर नसलेल्या यंत्रासाठी ते एवढ्या लांब आले नव्हते.

स्नेहलनं आशा सोडली होती, तेवढ्यात नानांना खालच्या फळीवर धूळ खात पडलेलं एक लहानसं भांडं दिसलं. ॲल्युमिनियमचं, आठ कोनी, कमरेत बारीक. मोका पॉट. खाली पाणी, मधल्या चाळणीत कॉफीची पूड, आणि गॅसवर ठेवलं की वाफ पाण्याला पुडीतून, मधल्या नळीनं वरच्या भागात ढकलते. खालच्या भागाला बाहेरून वाटाण्याएवढा पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह होता. नानांनी तो नखानं दाबून पाहिला. स्प्रिंग चांगली होती. पाच महिन्यांत पहिल्यांदाच त्यांचा चेहरा फुलला. घरी येताना एसटीत ते भांडं त्यांनी पिशवीत ठेवू दिलं नाही, मांडीवर घेऊन बसले.

रतनबाईंनी हा बॉयलर स्वयंपाकघरात घ्यायला साफ नकार दिला. तेव्हा मागच्या पडवीत शेतावरची छोटी गॅसची शेगडी आणून बॉयलर हाऊसची स्थापना झाली. पहिले तीन दिवस नानांनी नुसतं पाणी भरून चाचणी घेतली. चौथ्या दिवसापासून उत्पादन सुरू. सव्वानऊला पाणी, व्हॉल्व्हच्या खाली एक रेघ. साडेनऊला आच, तीही बारीक. आच पेटली की नाना जागेवरून हलायचे नाहीत. एकदा शेजारचा बिभीषण गाय सुटली म्हणून ओरडत आला, तर नानांनी बसल्या जागेवरून गाय कुठे गेली असेल ते सांगितलं आणि नजर नळीवरून काढली नाही.

नळीतून काळं, दाट पाणी वर यायला लागलं, की नाना भांडं आचेवरून उचलायचे, ते पहिलं पाणी एका स्टीलच्या पेल्यात काढून बाजूला ठेवायचे आणि भांडं पुन्हा चढवायचे. कारखान्याची शिस्तच तशी. वाफेच्या लाइनीत साचलेलं पाणी, गंज, सगळी घाण आधी ड्रेनला सोडायची, मगच लाइन टर्बाइनला जोडायची. ज्यानं हे केलं नाही त्याचं टर्बाइन गेलंच म्हणून समजा. पेल्यातली घाण फेकून पेला घासून ठेवायचं काम त्यांनी रतनबाईंना नेमून दिलं होतं, आणि रतनबाई तोंड वाकडं करून रोज पेला घेऊन आत जायच्या.

मागाहून फसफसत, फुरफुरत जे तांबूस पाणी वर यायचं, ते नाना सुनेच्या मगात ओतायचे आणि पावणेदहाला स्वतः जिना चढून वर न्यायचे. मग दारातच उभे राहायचे. पहिल्या घोटाला स्नेहलचे डोळे बारीक व्हायचे, पण ती मान हलवून म्हणायची, छान झालीये. नाना समाधानानं खाली यायचे. ओमनं एकदाच घोटभर घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून तो कामावर अर्धा तास लवकर निघायला लागला.

नाना मात्र बदलले. आता ते पाचला उठून तयार व्हायचे त्याला कारण होतं. रस्त्यावरून कुणी हाक मारली तर म्हणायचे, थांबता येत नाही, वर पावणेदहाची कॉफी असते. रतनबाईंच्यातही त्या दोन महिन्यांत काय हुरूप संचारला होता कोण जाणे. दरवर्षी घटाच्या आधी घरातल्या गोधड्या धुवायला त्यांना आठवडा लागायचा आणि नंतर आठवडाभर कंबर धरून बसायच्या. यंदा बावीस गोधड्या दोन दिवसांत धुतल्या, माळा उतरवून झाडला, आणि तिसऱ्या दिवशी बिभीषणाच्या घरच्या गोधड्या धुवायला गेल्या. नानांना वाटलं, बायकोला आपल्या शिस्तीचं वळण लागलं.

दसरा झाला आणि एका रविवारी पुंजाराम आला. तो नानांच्या हाताखाली तयार झालेला आणि आता नानांच्याच जागेवर असलेला. नव्या हंगामाच्या बॉयलर अग्निप्रदीपनाची पत्रिका घेऊन आला होता. नानांनी कारखान्याचं सगळं खोदून खोदून विचारलं, आणि पुंजारामनं अगदी भोळेपणानं सांगितलं, की तुमी काय काळजी करू नका नाना, तुमच्यावाचून कायसुदिक अडत न्हाई. नाना बरं म्हणाले. मग एकदम उठले, पुंजारामला पडवीत घेऊन गेले आणि त्याला सगळं यंत्र सुरू करून दाखवलं. पहिलं पाणी पेल्यात काढलं तेव्हा पुंजाराम जाणत्यासारखा म्हणाला, बराबर हाय. रतनबाई नेहमीप्रमाणे पेला घेऊन आत गेल्या आणि पाहुण्यासाठी चहा टाकला.

थोड्या वेळानं स्नेहल पाहुण्याचा कप न्यायला स्वयंपाकघरात आली. ओट्यावर दोन कप बशीनं झाकून ठेवले होते. रतनबाई मागच्या दारी होत्या. हाताला आला तो कप तिनं उचलला आणि पुंजारामला नेऊन दिला.

पुंजारामनं एक घोट घेतला, थांबला, कपात वाकून पाहिलं आणि दुसरा घोट जरा जास्तच मोठा घेतला. मग त्यानं आत हाक दिली, की वहिनी, ह्यो च्या न्हाई, पन लई झकास हाय. रतनबाई दारात आल्या, त्यांनी त्याच्या हातातला कप पाहिला आणि पदर तोंडाला लावला. एव्हाना वास स्नेहलपर्यंत पोचला होता. ती आत गेली. ओट्यावरच्या स्टीलच्या पेल्यात तळाशी थोडं काळं उरलं होतं, ते तिनं चाखलं आणि पेला हातात घेऊन तशीच बाहेर आली.

“नाना,” ती हळूच म्हणाली, “कॉफी ही आहे.”

मग रतनबाईंना सांगावंच लागलं. पहिल्या दिवशी फेकायला गेल्या, तर वास फार चांगला आला. म्हणून थोडं दूध घातलं, साखर घातली. दुसऱ्या दिवशीही घातली. त्यानंतर फेकायला म्हणून पेला नेला तो रोज पिण्यासाठीच. गोधड्यांचं गुपित ते हे. पुंजाराम बॉयलरचाच माणूस, त्याला हिशेब लगेच कळला. “म्हंजी नाना,” तो म्हणाला, “माल ड्रेनला आन राख टर्बाइनला.” आणि नानांचा चेहरा पाहून पत्रिका खाटेवर ठेवून तो निघालाच.

नानांनी सुनेला विचारलं, की मग दोन महिने तू काय पीत होतीस. स्नेहल म्हणाली, कॉफीच होती, जरा जळकी. मग मला सांगितलं का नाही, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, “तुम्ही दारात उभे असायचात.”

एवढ्यावरून नानांना सगळं कळलं. कॉफी चुकली याचं त्यांना फार काही वाटलं नसतं, चौतीस वर्षांत चुका झाल्याच होत्या आणि दुरुस्तही झाल्या होत्या. पण आपल्याला काम वाटलं होतं ते काम नव्हतंच. म्हाताऱ्याचं मन मोडू नये म्हणून घरानं चालवलेला खेळ होता, आणि आपण शर्टाची बटणं लावून तो खेळत होतो. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पडवीत गेले, शेगडीची नळी काढली, भांडं घासून, पुसून, तिन्ही भाग जोडून आणलं आणि सुनेपुढे धरलं.

“ह्ये घे. तुझं तू करीत जा. मला न्हाई जमत.”

स्नेहलनं हात पुढे केला नाही. रतनबाईंनी मात्र पदर तोंडावरून काढला. त्यांना राग आला होता, आणि तो कशाचा, हे सुरुवातीला नानांना समजेना.

“तिनं तुमचं मन राखाया प्यालं आसंल,” त्या म्हणाल्या. “मी न्हाई. मी चोरून पीत हुते. ह्या घरात येऊन अडतीस वर्सं झाली. पाहुना आला, मी केलं. तुमी रातपाळीवरनं आला, मी केलं. मला ताप आला तवाबी माझं मीच केलं. कुनी करावं आन मी बसून प्यावं, ह्ये दोन महिनंच काय ते झालंय. त्ये बंद करू नका.”

नाना भांडं हातात धरून उभेच राहिले. मग वळून पडवीत गेले. शेगडीची नळी पुन्हा जोडली, पाणी भरलं, पूड घातली, आच बारीक केली आणि नळीवर नजर ठेवून बसले. काळं, दाट पाणी वर आलं तसं त्यांनी ते कपात घेतलं, भांडं बाजूला ठेवून गॅस बंद केला. स्नेहलनं न सांगता दूध आणून दिलं. साखरेचा डबाही दिला. नानांनी डबा उघडला, चमचा भरला आणि हात तिथंच थांबला. अडतीस वर्षांत हे विचारायची वेळच कधी आली नव्हती.

“रतन,” त्यांनी विचारलं, “तुला साखर किती लागती?”

रतनबाई खाटेवर बसल्या, पाय वर घेतले आणि म्हणाल्या, “दीड चमचा. आन हलवा नीट.”