पानाखालची दोन बोटं

महाविद्यालयाच्या वार्षिकांकाचं संपादन माझ्या गळ्यात पडलं ते मी मराठी शिकवायचो म्हणून. तुम्हाला हौस आहे का, असं कोणी विचारलं नाही. एकदा पडलं ते अठरा वर्षं पडलेलंच राहिलं. दिवाळीनंतर फळ्यावर ‘साहित्य द्यावे’ अशी नोटीस लावायची, दोन महिने कोणी चिठोरंही द्यायचं नाही, आणि शेवटच्या आठवड्यात आईची माया, हुंड्याची प्रथा आणि विज्ञान शाप की वरदान हे तीनच निबंध तीस हस्ताक्षरांत यायचे. मी ते सगळे वाचायचो. आता आठवलं तरी डोळे चुरचुरतात.

मांडणी ठरलेली होती. आधी संस्थेचे अध्यक्ष, मग सचिव, मग प्राचार्य, प्रत्येकाला एकेक अख्खं पान. मग खुर्च्यांवर बसलेलं संपादक मंडळ, त्यात मी दरवर्षी थोडा अधिक टकला. पुढं मराठी, हिंदी, इंग्रजी. उर्दू विभाग मागून उघडायचा, त्यामुळं वाचणारे दोन्ही दारांनी आत यायचे आणि मधे एनसीसीच्या फोटोंपाशी भेटायचे. प्रत्येक वर्गातलं निदान एक नाव आलं पाहिजे, त्यात मुलींची नावं दिसली पाहिजेत, आणि कुठल्याही पानाखाली जागा रिकामी राहता कामा नये. हे नियम कोणी केले ठाऊक नाही. मोडायची ताकद माझ्यात नव्हती.

छपाई शहागंजच्या मागच्या गल्लीत व्हायची. तिथले कंपोझिटर वयस्क, उर्दू शाळेत शिकलेले, पण मराठी अक्षरांचे खिळे न बघता उचलायचे. लेख संपून खाली दोन बोटं जागा उरली की चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, सर, नीचे कुछ तो डालो, अच्छा नहीं दिखता. सुविचार कधीच संपले होते. मग मी तिथंच स्टुलावर बसून चार ओळी खरडायचो आणि खाली हजेरीपटातलं एखादं नाव घालायचो. जागा भरायची आणि त्या वर्गाचंही भागायचं. ज्याचं नाव छापून यायचं तो वर्गात गालातल्या गालात हसायचा. इतक्या वर्षांत कोणी तक्रार केली नाही, म्हणून त्यात काही वावगं आहे असं मला वाटलंच नाही.

एका वर्षी बी.ए.च्या पहिल्या वर्गातल्या मुलींचं एकही नाव नव्हतं. हजेरीपटावर बोट ठेवलं, ते पाचोडच्या एका मुलीवर पडलं. इथं मामाकडं राहायची, तिसऱ्या बाकावर बसायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. तिच्या नावानं मी लिहिलं:

दारातली रांगोळी रोज
वाऱ्याने पुसून जाते,
तू येशील म्हणून मी
पुन्हा नव्याने काढते.

चहा निवायच्या आत झालं होतं. असल्या ओळी मी झोपेतही पाडल्या असत्या.

अंक वाटून आठवडा झाला असेल, परीक्षा तोंडावर होती, आणि तिचे वडील स्टाफरूमच्या दारात उभे राहिले. अंक टॉवेलात गुंडाळलेला. मुलीला गावी नेलं होतं, तिचा दाखला काढायला आले होते. कारकुनानं अर्ज लिहून आणा म्हटल्यावर, अंकावर संपादक म्हणून माझं नाव वाचून ते माझ्याकडं आले. बसले नाहीत. पान उघडून समोर धरलं.

“सर, ह्यो ‘तू’ कोण हाय, तेवढं सांगा. तिच्या वर्गातला हाय का?”

मला खरं तर सुटल्यासारखं वाटलं. म्हटलं, एका वाक्याचं काम आहे. त्यांना सांगितलं की या ओळी तिच्या नाहीतच, माझ्या आहेत, जागा भरायला लिहिलेल्या. ते माझ्याकडं दयेनं बघत राहिले.

“तिला वाचवू नका, सर. लई मार खाल्ला तिनं, पन शब्द नाय बदलला. म्हनती, मीच लिव्हलंय.”

ती नाही म्हणू शकत होती. नाही म्हणणं खरंही होतं. कॉलेज सुटेल, परीक्षा जाईल हे कळूनही तिनं माझ्या त्या फडतूस चार ओळी सोडल्या नव्हत्या. मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नाही.

त्यांना रिक्षात घालून प्रेसवर नेलं. छापून झालेला मजकूर कंपोझिटर भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवायचे. त्यांनी खालून माझी चिठ्ठी काढली, रद्दी प्रुफाच्या पाठीवर माझ्या अक्षरात लिहिलेली, आणि सर हर साल ऐसाच लिखते, अशी वर साक्षही दिली. वडिलांनी चिठ्ठी दोनदा वाचली, माझं अक्षर फळ्यावरच्या माझ्या जुन्या नोटिशीशी ताडून बघायला ते परत कॉलेजात आले, आणि मग म्हणाले, “मंग खोटं कशापायी बोलली?” छापून आलेलं नाव तिला सोडवलं नव्हतं, हे मला कळलं होतं. पण ते त्यांना सांगायचं मी टाळलं. चिठ्ठी खिशात घालून ते दाखला न घेताच गेले.

सोमवारी ती वर्गात आली. मी मनावरचं ओझं उतरल्यासारखा शिकवत होतो. तास संपल्यावर ती टेबलापाशी थांबली. डाव्या मनगटावर हिरवट वळ होता. मी म्हटलं, झालं ते झालं, आता परीक्षेकडं बघ.

“सर, तुम्ही कशाला सांगितलं?”

मी म्हटलं, अगं, तुझं शिक्षण थांबलं असतं.

“ते मला ठाऊक होतं. पण आई ती कविता रोज म्हणून दाखवायची शेजारणींना. मी मार खाल्ल्यावरबी. आता तिला कळलं, ते माझं नव्हतं.”

मी म्हणालो, पुढच्या वर्षी तू स्वतः लिही, मी अख्खं पान देतो. तिनं वह्या छातीशी धरल्या.

“लिहिते की मी, सर. दोनदा दिलंय तुमच्याकडं. तुम्ही वाचतो म्हणाला होतात.”