चालू म्हटलं की हलगी बंद

"बाई चालूऽऽ!" मी माइकमध्ये आवाज ओढून म्हटलं, आणि माझ्या मागची हलगी टक्कन बंद पडली.

तिसऱ्यांदा! देगलूरच्या बाजूच्या, तेलंगणाच्या सीमेवरच्या एका गावात महादेवाची जत्रा होती. दिवेलागणीची वेळ, देवळासमोर स्टेज, समोर लेकराबाळांसकट अख्खं गाव बसलेलं. कार्यक्रमातलं हे पहिलंच गाणं. पुढच्या रांगेतल्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मला काही हसू येत नव्हतं.

मी लातूरची. गाणी स्वतः लिहिते, स्वतःच चाल लावते, स्वतःच गाते. याला आजकाल 'इंडिपेंडंट आर्टिस्ट' म्हणतात. म्हणजे कंपनी नाही, मॅनेजर नाही, आणि स्पीकर उचलायलाही आपणच. आधी लई वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात होते. तिथं पिक्चरची गाणी म्हणायची, तीही ज्या बाईनं म्हटली तिच्याच आवाजात. एक दिवस वाटलं, माझा आवाज कसा आहे हे मलाच आठवेना झालंय. सोडलं. घरच्यांनी कपाळाला हात लावला.

जत्रा कमिटीचे अध्यक्ष शिवलिंगअप्पा डाळीचे व्यापारी. लातूरच्या मोंढ्यात, धान्यबाजारात, त्यांचं येणं-जाणं. माझी गाणी त्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर ऐकली आणि बोलावलं. पण अट घातली.

"ताई, सुरवातीला तुमची तुमची म्हणा. लोकं उठाय लागले की मातर पिक्चरची घ्यायची. जत्रा हाय, परीक्षा न्हाई."

मी हो म्हटलं. पूर्ण कार्यक्रम स्वतःच्या गाण्यांचा करायची ही पहिलीच संधी. शेजारपाजारच्या गावांचे कमिटीवालेही बघायला येणार होते. मनात मी ठरवून टाकलं होतं, आज जर पिक्चरची गायची वेळ आली, तर उद्या गपगुमान ऑर्केस्ट्रावाल्याला फोन लावायचा, परत येते म्हणून.

आणि नेमका माझा नेहमीचा हलगीवाला बालाजी आलाच नाही. बायकोला सकाळीच दवाखान्यात न्यावं लागलं. दुपारी फोन आला, "ताई, पोरगी झाली!" आता याच्यावर रागवायचं कसं? म्हटलं, "पेढे ठेव. हलगी मी बघते."

अप्पांनी तासाभरात माणूस हजर केला. नरसय्या. राहणार सीमेपलीकडच्या, तेलंगणातल्या गावात. पन्नाशीचा गडी, झुपकेदार मिशा, आणि स्वतःच्या हातावर पक्का भरवसा. मराठी त्याला मोजकीच. मला तेलुगू अजिबात नाही. मग आमचं बोलणं दखनीत, हैदराबादकडच्या हिंदीत, ती दोघांनाही येते.

हलगी म्हणजे लाकडी कड्यावर ताणलेलं कातडं. हवा दमट असली की ते सैल पडतं, म्हणून वाजवायच्या आधी जाळावर शेकतात. नरसय्यानं पाचट पेटवून हलगी अशी शेकली, की नुसतं बोट लावलं तरी टणटण वाजावी. मग साउंड चेक झाला. साउंड चेक म्हणजे लोक यायच्या आधी माइक, स्पीकर, वाद्यं सगळं वाजवून बघायचं. नरसय्या झकास वाजवत होता. मी खूश होऊन ओरडले, "हौ, चालू, चालू!" त्यानं लगेच थांबून हलगी खाली ठेवली आणि चहा प्यायला गेला. मला वाटलं, मोठा कलाकार आहे, लहरी असायचाच.

आता ते गाणं सांगते. बायांचं गाणं आहे.

गिरणी चालू, मोटर चालू,
चुलीम्होरं बाई चालू,
समद्याला बटन, हिलाच न्हाई!

प्रत्येक 'चालू'नंतर हलगी दणक्यात उचलायची असते. गाण्याचा सगळा जीव तिथंच. लातुरात त्या जागी पोरं खुर्चीवर उभी राहतात. इथं मी म्हटलं, "गिरणी चालू," हलगी बंद. कसंबसं सावरून परत सुरू केलं. "मोटर चालू," हलगी बंद. मग तुम्हाला आधी सांगितलं ते.

स्टेजच्या कडेला शिवलिंगअप्पा आले. तोंड कडू झालेलं. "ताई, लोकं हसायलेत. पिक्चरचं घ्या एखादं."

माझं डोकंच फिरलं. मी गर्रकन वळले. माइक हातातच होता, त्यामुळं पुढचं भांडण अख्ख्या जत्रेनं ऐकलं.

"नरसय्या, बीच में कायकू रोक रे तुम?"

त्यालाही राग आलाच होता. "अक्का, तुमीच बोल रे चालू! घडी घडी चालू! मैं रोक दिया. मेरा क्या गुनाह?"

"अवो, चालू म्हणजे वाजवायचं!"

पुढच्या रांगेतली एक जाडजूड बाई उठून उभीच राहिली. हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "अगं माय, तेलगूत चालू म्हणजे पुरे! बस झालं! त्यो बिचारा थांबंल न्हाई तर काय करंल?"

आमचं चालू म्हणजे सुरू, आणि यांचं चालू म्हणजे पुरे. म्हणजे मघापासून मी काय गात होते? गिरणी पुरे, मोटर पुरे, चुलीम्होरं बाई पुरे! या बाया मला हसतच नव्हत्या. त्यांना गाणं माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं.

"अप्पा," मी म्हटलं, "एकच डाव द्या. जमलं न्हाई तर म्हणाल ते गाते."

अप्पांनी घड्याळाकडं बघितलं, बायांकडं बघितलं. "एकच," म्हणाले.

मी नरसय्याला सांगितलं, "अब चालू बोली की रोको."

"वहीच तो कर रा था, अक्का!"

आणि सुरू केलं. गिरणी चालू! हलगी बंद. सगळं चिडीचूप. आता परत सुरू कशी करायची, हे मी ठरवलंच नव्हतं बघा. पण बायांमधून आवाज आला, "कोट्टू!" म्हणजे वाजव. नरसय्यानं मिशीतल्या मिशीत हसून असा हात टाकला, की स्टेजच्या फळ्या हादरल्या. मोटर चालू! बंद. आता सगळ्याच बाया ओरडल्या, "कोट्टू!" तिसऱ्या वेळेला गडीमाणसंही ओरडायला लागली. चार वेळा म्हणून घेतलं ते गाणं माझ्याकडून. नंतर बाकीचीही सगळी माझीच गायले. मध्येच एकदा अप्पांकडं बघितलं, तर ते हातानंच 'राहू द्या, राहू द्या' करत होते. मी पुढचं गाणं दुप्पट जोरात उचललं.

कार्यक्रम संपल्यावर ती उठून बोललेली बाई स्टेजमागं आली. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "गाणं झ्याक हाय. पण माय, ती बाई शेवटी बसली का न्हाई?"

खरंच की. गाण्यातल्या बाईला मी गाणंभर राबवली होती आणि तशीच उभी ठेवून निघाले होते. लातूरला परत येताना गाडीतच शेवटच्या दोन ओळी केल्या.

हात पुसले, चालू म्हणली,
उंबऱ्यावर बाई बसली.

तिथं हलगी थांबते ती थांबतेच. कुणी कितीही 'कोट्टू' म्हणो.

त्या जत्रेतून पुढं आणखी गावांची बोलावणी आली. ऑर्केस्ट्रावाल्याला फोन केला नाही. आता हलगीवर बालाजी आणि नरसय्या दोघंही असतात, आणि एकमेकांच्या चुका काढतात. मी एक शिकले. नवीन गाणं झालं की आधी दुसऱ्या तालुक्यात जाऊन म्हणून बघायचं. घरची माणसं काय, तोंडदेखलं छान म्हणतात आणि टीव्ही लावतात.