दोन सीटच्या विमानातला तिसरा

या सदरातले अनुभव वाचून हसणाऱ्यांपैकी मी एक, हे आधीच कबूल करतो. मंचेरियलकडच्या कोळसा खाणीत यंत्रं दुरुस्त करण्यात माझी सगळी नोकरी गेली. जमिनीखालच्या अंधारात लोकांना कायकाय ऐकू यायचं... कोणाला रडणं, कोणाला हाका. मी जाऊन बघायचो आणि दर वेळी एखादं घासलेलं बेअरिंग सापडायचं. ग्रीस मारलं की रडणं बंद. माझी श्रद्धा होती ती एवढ्यावरच – ग्रीसवर.

त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तरी मला राग येणार नाही. येणार नाही म्हणजे... येईल थोडा.

आमचं घराणं मूळचं वांकिडीचं, कापूस-ज्वारीवालं. रिटायर झाल्यावर मी आदिलाबादला घर बांधलं आणि पैनगंगेच्या बाजूला एक मुरमाड माळ घेतला. त्यावर काहीही पिकत नाही. मी त्यावर धावपट्टी केली. लोक म्हातारपणी काशीला जातात, मी विमान घेतलं. लाइट स्पोर्ट म्हणतात तसलं – दोन माणसं शेजारीशेजारी बसतील एवढंच, एक इंजिन, पुढे पंखा. सुट्या भागांच्या पेट्या आल्या होत्या. एकेक नटबोल्ट मी माझ्या हाताने आवळला, सीटची कव्हरं माझ्या बायकोने, कुसुमने, घरच्या मशीनवर शिवली. परवानग्यांचं रामायण सांगत बसत नाही. त्या विमानावर माझा जीव होता, एवढं पुरे.

हे मुद्दाम सांगतोय, कारण तुम्ही विचारणारच – आधी कोणी मेलं होतं का त्यात? नाही. नवंकोरं होतं. माळावर स्मशान होतं का? नाही. गुरं चरायची तिथे. अमावास्या वगैरेही नव्हती. सकाळची वेळ, स्वच्छ ऊन, खाली कापूस फुटलेला.

विकायचं कारण डोळे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की पुढच्या तपासणीत मी पास होणार नाही. तोवरचं लायसन्स शिल्लक होतं, म्हणून म्हटलं, चालत्या गाडीला गिऱ्हाईक शोधावं. भैंशाचा शैलेश तयार झाला. जिनिंगवाल्यांच्या घरातला, चाळिशीचा, हौशी, रीतसर शिकलेला पायलट. मला पोरगा आवडला. विमानाच्या जवळ गेल्यावर त्याने आधी चपला काढल्या, मग हसून परत घातल्या.

दाखवायला म्हणून आम्ही दोघे वर गेलो. आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. या विमानात दोन्ही सीटपुढे विमान चालवायचा एकेक दांडा असतो. दोन्ही खालून जोडलेले, एक हलला की दुसराही हलतो. म्हणून चालवणं दुसऱ्याकडे सोपवताना तोंडाने बोलायचंच, हा नियम. एकाने म्हणायचं, 'घे'. दुसऱ्याने म्हणायचं, 'घेतलं मी'. मग पहिल्याने दोन्ही हात वर करून दाखवायचे. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही म्हणून कानाला हेडफोन, तोंडापाशी माइक. हेडफोन दोनच. तिसरा लावायला जागाच नाही.

पैनगंगा डाव्या हाताला आली तेव्हा मी म्हणालो, "घे."

कानात आलं, "घेतलं मी."

मी दांडा सोडला. हात वर करून दाखवायचे असतात, ते राहिलं. खाली माझा माळ दिसत होता, शेडपाशी कुसुमचं पातळ वाळत होतं, आणि हे आता आपल्याला वरून दिसणार नाही या विचाराने मला भरून आलं होतं. मी खिडकीकडे तोंड करून बसलो. पोरगा चालवतो मात्र झकास, असं मनात म्हटलं. वळण इतकं अलगद, की पुसायला काढून मांडीवर ठेवलेला चष्मा घसरला नाही.

बऱ्याच वेळाने कानात आलं, "काका, एवढं उंच काऊन नेऊन राह्यले जी?"

मी वळलो. शैलेशच्या दोन्ही हातांत मोबाईल होता. तो त्याच्या खिडकीतून व्हिडिओ काढत होता.

"मी?" मी म्हणालो. "तू चालवतोयस ना?"

"मी नाही बा. तुमी 'घे' म्हणाले, अन् मी बोलायच्या आत तुमीच म्हणाले, 'घेतलं मी'. मले वाटलं, इरादा बदलला तुमचा."

आम्ही दोघांनीही मग दांड्याकडे पाहिलं. कोणाचा हात नव्हता. आणि दोन्ही दांडे हलत होते – चाचपडत नव्हे, सुटल्यासारखे नव्हे. वाऱ्याच्या झोताबरोबर थोडं डावीकडे, थोडं मागे... सरावाचा माणूस चालवतो तसे. विमान चढत होतं. माळ, नदी, सगळं केव्हाच मागे पडलं होतं.

मला भीती म्हणजे काय ते तेव्हा कळलं. खाणीत छत कोसळलेलं पाहिलंय मी, पण तेव्हा हे कळलं नव्हतं. मी दांडा धरला. तो अडकलेला नव्हता. अडकलेलं यंत्र मला कळतं. पलीकडच्या टोकाला कोणीतरी धरलं होतं. शिकाऊ पोराचा हात चुकला की गुरुजी जसा नुसत्या बोटांनी त्याचा जोर परतवतो, तसा माझा जोर परतवला जात होता.

"द्या," मी म्हणालो. "माझ्याकडे द्या आता."

दांडा सुटला. इतका अचानक, की विमानाचं नाक खाली गेलं आणि शैलेशने देवाचं नाव घेतलं. उतरलो कसे ते मला आठवत नाही. कुसुम पळत आली.

"काऊन जी असे पांढरे पडले?" ती म्हणाली. "बीपीची गोळी घेतली नाही न?"

व्हिडिओ आम्ही पाहिला. त्यात पंख, आकाश आणि इंजिनाची घरघर. हेडफोनमधलं बोलणं मोबाईलमध्ये येत नाही.

मी सांगून टाकलं, विकायचं नाही. मोडीत काढतो. पण माझ्यातला इंजिनिअर गप्प बसेना. दांड्यापासून पंख-शेपटीकडे जाणारे सगळे दोर, सगळे सांधे उघडून पाहिले. मग एकटा वर गेलो. दांडा हलका धरून म्हणालो, "घे." काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आणि नंतरही. "घ्या" असंही म्हणून पाहिलं. हेडफोनात नुसती खरखर. शैलेश तर हट्टालाच पेटला होता. "काका, उंचावर ऑक्सिजन कमी होते, माणसाले भास होतात," असं मलाच शिकवायला लागला. एवढ्या उंचीवर काही ऑक्सिजन कमी होत नाही. पण बुडत्याला काडीचा आधार... शेवटी मी विकायला तयार झालो, पण अट घातली की दांड्यावरचा हात कधीही सोडायचा नाही आणि तो शब्द तोंडातून काढायचा नाही. त्याने आईची शपथ घेतली.

तो न्यायला आला त्या दिवशी कुसुमने विमानाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. माळावर वाऱ्याने उडू नये म्हणून पंख ज्या दोरांनी बांधून ठेवायचो, ते मात्र तिने सोडून घेतले.

"जनावर इकलं का दावं देत नाहीत," ती शैलेशला म्हणाली. "तू आपलं दावं आण, बाबू."

तो हसला, पण त्याने गाडीतून स्वतःचे दोर आणलेच होते. विमान दिसेनासं होईपर्यंत मी माळावर उभा राहिलो. रडलो, त्यात लाज कसली.

नंतर त्याचे फोन यायचे. सगळं ठीक आहे, छान चालतंय. मग एकदा तो इकडचं तिकडचं बोलून थांबला आणि म्हणाला, "काका... तो येते."

"कोण?"

"तोच. मी एकदा म्हणून पाह्यलं, 'घे'. लगेच म्हणाला. मस्त चालवते हो! मंग मी 'द्या' म्हणतो, तो देते. आता तर भेवच नाही वाटत. सवय होऊन राह्यली."

माझ्याशी जो पुन्हा बोलला नाही, तो याच्याशी रोज बोलत होता. मी शिव्या घातल्या, हात जोडले, शपथेची आठवण दिली. तो हसत राहिला.

"तुमी उगाच भेता. उद्या प्रणिताले नेतो वर. तिले मी बाजूनं सगळं गाव दाखवीन आरामात. चालवाले हायेच की माणूस! तुमी बी या, पोहे खाऊ सोबत."

प्रणिता म्हणजे त्याची बायको. घरी पाच वर्षांचं लेकरू.

रात्रभर फोन लावला, उचलला नाही. पहाटे गाडी काढली. निर्मलवरून भैंशाला पोहोचेपर्यंत ऊन चढलं होतं. जिनिंगच्या मागे त्याने पट्टी केली होती. तिथे फक्त वॉचमन, तेलुगू माणूस, हातात वायरलेस सेट धरून आभाळाकडे बघत उभा.

"सार, दिगटम लेदु!" तो ओरडला. उतरत नाहीत म्हणे.

विमान गावावर गोल फिरत होतं. प्रत्येक फेरीला थोडं वर. मी त्याच्या हातातून सेट हिसकावला.

"शैलेश! मी काका बोलतोय."

"काका..." तो रडत होता. "देऊन नाही राह्यला. किती डाव म्हटलं, द्या, द्या... देतच नाही. दोघं मिळून ओढून राह्यलो, हलत नाही."

मागे प्रणिताचा आवाज. ती लेकराचं नाव घेत होती, पुन्हा पुन्हा, तेवढंच.

"पेट्रोल किती?"

"काटा लाल रेघेवर आला."

मी त्याला जे जे माहीत होतं ते सगळं सांगितलं. इंजिन कमी कर. पायाने जोर लाव. केलं, म्हणाला. काही होत नव्हतं. इंजिन कमी केलं तरी चढतंय, म्हणाला. हे होऊ शकत नाही. मी यंत्रं जाणतो, हे होऊच शकत नाही. विमान आता ऊन लागलेल्या ठिपक्याएवढं राहिलं होतं. सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मी शैलेशशी बोलणं सोडलं.

"ऐका," मी म्हणालो. "त्याच्या घरी लहान पोर आहे. त्यांना खाली आणा."

नुसती खरखर.

"पाया पडतो तुमच्या. विमान मी बनवलंय, त्याचा काही संबंध नाही. त्यांना सोडा." आणि मग, का ते मला माहीत नाही, माझ्या तोंडून निघालं, "मी येतो."

खरखर थांबली. स्वच्छ, अगदी कानाशी बोलावं तसं आलं –

"बरं."

थकल्या माणसाचा आवाज. माझ्याच वयाचा असावा. वॉचमनने माझा दंड घट्ट धरला आणि विचारलं, "सार, लोपल मुग्गुरा?" आत तिघं आहेत का?

वर ठिपक्याने वळण घेतलं. शैलेश ओरडला, "सुटला! काका, सुटला!" तो कसाबसा पट्टीवर टेकला, विमान कापसाच्या गंजीपर्यंत घसरत गेलं. प्रणिता बाहेर पडली ती अनवाणी घराकडे धावतच सुटली. शैलेश मात्र पट्टा सोडायचं विसरून तिथेच बसून राहिला. मीच तो सोडला. त्याचे हात बर्फासारखे गार होते.

हैदराबादहून मेकॅनिक आणला. त्याने दोन दिवस सगळं उकललं. दोष नाही. आता पंख काढून ते जिनिंगच्या शेडमध्ये पडलं आहे. शैलेश त्या बाजूला फिरकत नाही. मला भेटतो, पण यावर बोलत नाही.

मी पुष्कळ डोकं चालवलं. वायरलेसवर दुसरा कोणी बोलला असेल, दोर अडकला असेल, वरचा गरम वारा असेल. एकेक गोष्ट एकेकटी पटते, सगळ्या मिळून पटत नाहीत. तो कोण, आमच्याकडेच का आला, वर कुठे नेत होता? तुमच्यापैकी कोणाला ठाऊक असेल तर जरूर लिहा, मी आता हसणार नाही.

कुसुमला वाटतं की मी वायरलेसवरून शैलेशला नीट सूचना दिल्या आणि दोन जीव वाचवले. ती शेजारपाजारी अभिमानाने सांगते. शेवटी मी काय बोललो, ते तिला सांगायची हिंमत झालेली नाही. शब्द दिलाय मी. कधी येतो, ते मी सांगितलं नाही... आणि त्यानेही विचारलं नाही.