इंटरवलनंतरचा सिनेमा

आमच्या गावात सुनांना नावानं हाक मारायची रीत नव्हती. माहेर जिथलं, तेच नाव. किरनापूरवाली, बैहरवाली, बालाघाटवाली. माझी माय तुमसरवाली. कटंगीजवळच्या आमच्या गावात तिला दोन गोष्टींसाठी मान होता: तिच्या हातचं वरण आणि तिनं सांगितलेला सिनेमा.

सिनेमा एकच. एका गुप्तहेराचा, हिंदी, मी जन्मायच्या आधीचा. धानाची रोवणी सुरू झाली की माय तो सांगायची. इतरांच्या शेतात रोवणीला गाणी असायची, आमच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या तुकड्यात, सिनेमा. चिखलात वाकून, डाव्या हातात पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, पेंडी धरून, मागं मागं सरकत बायका रोप लावत जायच्या आणि माय हातचं काम न थांबवता सांगत राहायची. एक बांधी संपली की गुप्तहेर विमानतळावर, दुसरी संपली की तुरुंगात. रोवणीच्या दिवसांत बायका मिळणं किती कठीण, हे धानवाल्यांना विचारा. लोक दारोदार फिरतात. आमच्याकडे मात्र त्या पहिल्याच दिवशी हजर असायच्या, कारण हा सिनेमा दुसऱ्या कुणाच्या शेतात लागत नव्हता.

शेवट सगळ्यांना पाठ होता. शत्रूचा हेर लुगडं नेसून, तोंडावर पदर ओढून सरहद्दीजवळच्या बांधीत रोवणाऱ्या बायकांत लपतो. फौज येते, शोधते, निघून जाते. पण एका म्हातारीच्या लक्षात येतं की ही नवी बाई पुढं पुढं चालत रोवते आहे आणि आपणच लावलेलं रोप आपणच तुडवते आहे. रोवणारी बाई कधी पुढं चालते का? नायक पिस्तूल घेऊन धावत येतो, तोवर बायकांनी त्या हेराला गळ्यापर्यंत चिखलात बसवलेलं असतं. दरवर्षी नेमक्या याच जागी बालाघाटवाली कंबर सरळ करून विचारायची, "अन् मंग त्याले धरलं कोनं वो?" जणू पहिल्यांदाच ऐकते आहे. माय म्हणायची, "बायायनं!" आणि अख्खी बांधी हसायची.

बाबा गेल्यावर, म्हणजे दोन वर्षांपासून, माय माझ्याकडे बालाघाटला राहते. मी इथे एका कॉलेजच्या कार्यालयात काम करते आणि सिनेमाच्या बाबतीत जरा तिखट आहे. जुने सिनेमे नव्यानं काढायची जी साथ आली आहे, तिला मी शिळ्या कढीला ऊत म्हणते. त्यामुळे मायचा गुप्तहेर नव्या कपड्यांत येतो आहे हे कळलं तेव्हा मी नाक मुरडलं. पण गावातून किरनापूरवालीचा फोन आला, "आमी तिघीजनी, मी, बैहरवाली अन् बालाघाटवाली, येऊन राह्यलो. तुह्या मायले सांग, सगळ्या संगं पाहू." मला वाटलं, माय खूश होईल.

माय खूश झाली नाही. आधी तिचा गुडघा दुखायला लागला. मग म्हणाली, टॉकीजमधला थंडावा तिला सोसत नाही. शेवटी म्हणाली, तिकिटं संपली म्हणून कळव. मी चिडले. "माये, बाया कटंगीहून येऊन राह्यल्या अन् तू काहून नाही म्हनते?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्या शेवट पाह्यलाच नाही, बाई."

लग्नाच्या पहिल्या वर्षी ती आणि बाबा तहसिलीच्या कामासाठी बालाघाटला आले होते. काम लवकर झालं म्हणून सिनेमाला बसले. इंटरवल झाली आणि बाबांनी तिला उठवलं, कारण कटंगीची शेवटची गाडी निघायची वेळ झाली होती. गावात बायकांनी विचारलं, पुढं काय झालं? अर्धाच पाहिला म्हणायची तिला लाज वाटली. म्हणून तिनं पुढचं घरूनच घातलं. बाबांना माहीत होतं, पण ते जन्मात कुणाजवळ बोलले नाहीत.

मला हसू आवरेना. मायला मात्र रडू येत होतं. "हसू नको. सिनेमाच्या लोभानं त्या आधी आपल्या बांधीत उतरत. सारा गाव हात जोडून उभा राहे, अन् त्या माह्याकडं येत. आता समजन त्यायले, की हे बाई इतके साल खोटं बोलून बोलावत होती."

एकदा टीव्हीवर तो जुना सिनेमा लागला होता तेव्हा इंटरवलच्या आधीच लाईट गेली आणि मायनं दुसऱ्या दिवशी मारुतीला नारळ फोडला होता. तो नारळ कशाचा, ते मला आत्ता कळलं. मी म्हटलं, मोबाईलवर तो जुना दाखवू का, निदान खरं काय ते कळेल. ती म्हणाली, "नको. उद्या समजनच."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला आम्ही पाच जणी एका ओळीत बसलो. सिनेमा इतका मचूळ होता की मला माझ्याच तोंडाळपणाची गरज उरली नाही, काम त्या तिघींनीच केलं. नायक अंधारात काळा चष्मा लावून फिरत होता. जिथे जाईल तिथे आपलं नाव सांगत होता. "हा गुप्तहेर हाये का मतं मागाले आला?" किरनापूरवाली म्हणाली. नायिकेला मोटारसायकलवरून उतरण्यापलीकडे काम नव्हतं. बर्फात गाणं आलं तेव्हा बैहरवाली शांतपणे झोपी गेली. इंटरवलला तिला उठवून बजावण्यात आलं, "आता जागी राह्य. आता बांधी येईन."

मायनं माझा हात धरला तो सोडलाच नाही. पडद्यावर काचेची इमारत आली, हेलिकॉप्टर आलं, लॅपटॉपवर आकडे पळाले. तिघी पुढं वाकून बांधीची वाट पाहत होत्या. इमारत फुटली, नायकानं चष्मा पुसला आणि दिवे लागले.

झाकली मूठ उघडली, आता मायचं पितळ उघडं पडणार, असं मला वाटलं.

"हे कोनं बनवलं वो?" किरनापूरवाली उभी राहून इतक्या मोठ्यानं म्हणाली की दारातली माणसं वळली. "अशानं काय होते? मेन गोष्टच काढून फेकली! नक्कल कराले बी अक्कल लागते."

"एवढा पैसा लावला," बैहरवाली म्हणाली, "अन् एक बांधी नाही भेटली यायले?"

मी सुटकेचा श्वास सोडते तोच मागच्या ओळीतले एक गृहस्थ, पिकल्या मिशांचे, हसून म्हणाले, "बहनजी, खेत-वेत तो पुरानी वाली में भी नहीं था. मैंने देखी है."

मायनं खाली पाहिलं. किरनापूरवालीनं मायकडे पाहिलं. ती नजर मी विसरणार नाही.

तेवढ्यात बालाघाटवाली हळूच वळली. "आप सो गए होंगे, भाईसाब," ती म्हणाली. "मैंने इसी शहर में देखी है, मायका है मेरा. खेत था. औरतों ने ही पकड़ा था उसको."

गृहस्थ गोंधळले. "हो सकता है," म्हणाले, "बहुत साल हो गए." किरनापूरवालीनं त्यांच्याकडे असं पाहिलं की बिचारे दुसऱ्या दारानं गेले.

बसस्टँडपर्यंत सिनेमाची धुलाई चालूच होती. कटंगीची गाडी लागली तशा दोघी जागा धरायला आत चढल्या. बालाघाटवाली खाली रेंगाळली. मायनं तिचा पदर धरला.

"तुवा पूरा पाह्यलता?"

"हौ. लग्नाच्या आधी. दोनदा."

"मंग तुले पह्यल्या सालापासून मालूम होतं?"

"हौ."

"अन् बोलली काहून नाही?"

"बोलली असती तर तू सांगनं बंद केलं असतं," बालाघाटवाली म्हणाली. "मंग रोवनीत कंबर मोडेपर्यंत म्या काय आयकलं असतं, तुहं वरन?"

माय हसली आणि तिचे डोळे भरले. मला इतका आनंद झाला की मी दोघींचेही हात धरले. कंडक्टरनं हाक दिली. बालाघाटवालीनं पायरीवर पाय ठेवला, तेव्हा मायनं घाईनं विचारलं, "अवो, मंग खरा शेवट काय होता? कोनं धरलं त्याले?"

बालाघाटवाली दांडा धरून थांबली. खरोखरच आठवत होती ती. कपाळाला आठ्या पडल्या.

"आता नाही सांगता येत," ती म्हणाली. "लय डोकं लावलं आज. मले तर बांधीच दिसते, अन् तो पुढं पुढं चालून राह्यला."